पुस्तकं, दिवाळी अंक आणि सव्वीस पेनं : जीएसटी नंबर घ्यावा लागेल का?

पिवळी पानं

नमस्कार मंडळी. प्रश्न कराचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावते, कारण सगळा घोळ तपशिलात आहे.

२०१९ साली सासरे गेले. मागे चार कपाटं पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. सासूबाईंचं म्हणणं एकच, रद्दीत घालू नकोस, वाचणाऱ्याच्या हातात जाऊ दे. मी तेव्हा शाळेत ग्रंथपाल होते. एकेका पुस्तकाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकत गेले. कपाटं दोन वर्षांत रिकामी झाली, पण तोवर चटक लागली होती. नोकरी सोडली. आता रद्दीवाले, घर रिकामं करणारी मंडळी, बंद पडलेली वाचनालयं यांच्याकडून पुस्तकं घेते, झाडते, डिंक लावते आणि विकते. व्हॉट्सॲपचे दोन गट आणि इन्स्टाग्राम, एवढंच दुकान.

गंमत म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांचं सर्वांत आतुर गिऱ्हाईक महाराष्ट्राबाहेर आहे. बडोदा, इंदूर, बेळगाव, मडगाव, हैदराबाद. इंदूरच्या एक आजी फोनवर आधी पुस्तकाचा कागद कसा आहे ते विचारतात, मग किंमत.

एकदा एक घर रिकामं करताना पुस्तकांबरोबर बिस्किटांचा एक डबा आला. आत शाईची पेनं. काही एबोनाइटची, काही पिस्टनची, बहुतेक वाळलेल्या शाईने तुंबलेली. एका ओळखीच्या कारागिराकडून साफ करून घेतली आणि टाकली गटावर. तासाभरात संपली! तेव्हापासून पेनंही घेते. सोबत नव्या शाईच्या बाटल्या.

आता आकडे. २०२४-२५ मध्ये एकूण विक्री ६,८४,००० रुपये. त्यात पुस्तकं आणि दिवाळी अंक ५,७०,०००. पेनं, शाई वगैरे १,१४,०००. हे वहीत तारीखवार आहे, ग्रंथपालाची खोड जात नाही. पैसे जवळपास सगळे यूपीआयने.

इतके दिवस कुणी काही विचारलं नाही. गेल्या महिन्यात एका खरेदीच्या साइटवर विक्रेती म्हणून नाव घालायला गेले तर पहिल्याच पानावर जीएसटी नंबर मागितला. एका एजंटाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, साडेतीन हजार द्या, दोन दिवसांत नंबर हातात." कशासाठी लागतो, लागतो का, यावर त्याच्याकडे एकच उत्तर : "सगळेच घेतात."

शिवाय घर सासूबाईंच्या नावावर, विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या नावाने येतं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना 'धंदा' हा शब्द ऐकला की धाप लागते.

तर मला नंबर लागतो का? लागत असेल तर आजवरच्या विक्रीचं काय? कृपया आधी ओरडू नका, मग सांगा.

दुपारचा चहा

अहो ताई, कशाला घाबरताय? मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही. तुमची सात लाखसुद्धा नाही. बिनधास्त विका.

खतावणी

वरचा प्रतिसाद अर्धा बरोबर आहे, आणि अर्ध्या बरोबर सल्ल्याइतका महागडा सल्ला नसतो. मी एकतीस वर्षं करसल्लागाराच्या ऑफिसात वह्या लिहिल्या. विक्रीकर, मग व्हॅट, मग १ जुलै २०१७ पासून हा. माणसं दर वेळी एकाच जागी अडखळतात : किती विकलं ते मोजतात, काय विकलं आणि कुठे पाठवलं ते बघत नाहीत.

ताई, तुमच्या वहीत दोन वेगळे धंदे आहेत. ते वेगळे करू.

छापील पुस्तकं आणि नियतकालिकं यांच्यावर जीएसटी शून्य. दिवाळी अंक त्यातच आले. जुनी असोत की नवी, बेळगावला जावोत की बोरिवलीला. जो माणूस फक्त करमुक्त मालच विकतो त्याला जीएसटी कायद्याच्या कलम २३ प्रमाणे नोंदणी लागत नाही, विक्री कितीही असो. तुम्ही पुस्तकांवर थांबला असतात तर हा धागा निघालाच नसता. (एक सावधगिरी : छापील शुभेच्छापत्रं आणि कॅलेंडरं ही 'पुस्तकं' नव्हेत. त्यांच्यावर कर आहे.)

पेन करपात्र आहे, १८ टक्के. आता ते ४० लाख. ही सवलत फक्त माल विकणाऱ्यांना एप्रिल २०१९ पासून मिळाली, महाराष्ट्रात ती लागू आहे, आणि त्या उलाढालीत करमुक्त पुस्तकंही मोजतात. इथवर 'दुपारचा चहा' बरोबर. पण कलम २४ नावाचं दुसरं दार आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला की नोंदणी सक्तीची, पहिल्या रुपयापासून. तिथे ४० लाख नाही, ४ लाख नाही, काहीच नाही. एक पेन मडगावला गेलं की तुम्ही त्या दारातून आत गेलात.

म्हणून माझा प्रश्न एवढाच : पेनं राज्याबाहेर गेली का? किती?

पिवळी पानं

खतावणीकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), वही काढून बसले. २०२४-२५ मध्ये राज्याबाहेर २६ पेनं गेली. विक्री ३८,४००. ती मला पडली होती २४,४०० ला. शाईच्या बाटल्या बाहेर पाठवत नाही, एकदा पार्सलात फुटली तेव्हापासून कानाला खडा.

म्हणजे पाच लाख सत्तर हजारांच्या पुस्तकांनी काही केलं नाही, आणि या सव्वीस काड्यांनी मला अडकवलं?

खतावणी

हो. पण फार खोल नाही.

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी जीएसटीच्या नियम ३२ मध्ये एक पोटनियम आहे. वापरलेली वस्तू घेऊन तशीच, किंवा तिचं रूप बदलणार नाही एवढी किरकोळ डागडुजी करून विकली, आणि खरेदीवर कराची वजावट घेतली नाही, तर कर पूर्ण किमतीवर लागत नाही. विक्री वजा खरेदी, त्या फरकावर लागतो. तुमचा फरक १४,०००. त्याचे १८ टक्के म्हणजे २,५२०. हा बाहेर गेलेल्या पेनांचा कर. वर १८ टक्के दराने व्याज, काही शेकड्यांत.

यात एक खोच आहे. फरक एकेका वस्तूचा धरतात. एखादं पेन तोट्यात गेलं तर त्याचा फरक शून्य, तो तोटा दुसऱ्या पेनाच्या नफ्यातून वळता करता येत नाही. म्हणून १४,००० ही नुसती बेरीज-वजाबाकी असेल आणि त्यात तोट्याची पेनं असतील तर आकडा थोडा वाढेल. प्रत्येक पेनाची खरेदी वेगळी लिहिलीय का? डबाभर एकदम घेतलीत तर त्या दिवशीच किंमत वाटून लिहीत जा. घरगुती माणसाकडून घेताना साध्या कागदावर नाव, तारीख, रक्कम, सही. तो कागद नसेल तर 'खरेदी किती' हे तुम्ही सांगाल आणि समोरचा ऐकून घेईल, मानणार नाही.

नव्या शाईला हा नियम नाही. ती पूर्ण किमतीवर. आणि नोंदणी लागू झाली की त्यानंतर महाराष्ट्रात विकलेली पेनं आणि शाईही करात येतात, तीही धरा.

आणि आजवरचं : नोंदणीला पात्र झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, ती मुदत गेली. पण नोटीस यायच्या आत आपणहून कर आणि व्याज भरलं आणि लपवाछपवी नसेल, तर त्या रकमेवर दंडासाठी कुणी मागे लागत नाही. हे सीएच्या हातून करा. चालू वर्षाचीही पेनं धरा, ती विसराल.

शाईचा डाग

मी पेनं दुरुस्त करतो, त्यामुळे मध्येच तोंड घालतो. रबरी पिशवी बदलली, फीड (निबला शाई पुरवणारा भाग) साफ केलं, तर ती 'किरकोळ डागडुजी' ना? आणि निबच नवी टाकली तर?

खतावणी

पिशवी, सफाई, पॉलिश, निब : पेन पेनच राहिलं, नियमात बसतं. तीन मोडक्या पेनांचं एक करून विकाल तेव्हा मला नाही, सीएला विचारा.

रद्दीत रमलेला

नोंदणीचा अनुभव लिहितो. मी जुने कॅमेरे विकतो, राज्याबाहेर बरेच, म्हणून मला पर्यायच नव्हता.

सरकारी फी शून्य. एजंटाचे साडेतीन हजार हे फक्त फॉर्म भरायचे, हे लक्षात ठेवा. माझाही पहिला अर्ज एका एजंटानेच भरला होता. त्याने धंद्याच्या जागेत स्वतःच्या ऑफिसचा पिनकोड टाकला आणि मोबाइलही स्वतःचा. ओटीपी त्याला, सूचना त्याला, आणि अर्ज फेटाळल्याचं मला कळलं तीन आठवड्यांनी. दुसऱ्यांदा एका रविवारी स्वतः बसलो. पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा. आधी तात्पुरता क्रमांक मिळतो, मग मुख्य फॉर्म, मग आधार पडताळणीची लिंक. आधारला जो मोबाइल जोडलाय तो चालू आणि हाताशी हवा. काहींना बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर बोलावतात, मला नाही बोलावलं. त्यानंतर सात कामाच्या दिवसांत मंजुरी किंवा शंका. शंका आली तर उत्तराला तुमच्याकडेही सातच कामाचे दिवस, त्यामुळे ईमेल रोज बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान विक्रेत्यांसाठी तीन कामाच्या दिवसांची सोपी वाटही सुरू झाली आहे.

मला शंका आली होती ती अशी : राहत्या घरातून हा धंदा कसा करता? मी कॅमेऱ्यांच्या कपाटाचा फोटो जोडला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिलीय की असल्या अंदाजपंचे शंका काढू नका आणि यादीबाहेरचे कागद मागू नका. तुमच्या घराचं उत्तरही त्याच सूचनेत आहे. जागा नातेवाइकाच्या नावावर असेल तर साध्या कागदावर संमतिपत्र, त्यांचं ओळखपत्र, आणि मालकीचा एकच पुरावा : मालमत्ता कराची पावती, वीजबिल किंवा पाणीबिल. सासऱ्यांच्या नावाचं वीजबिल जोडू नका, उगाच प्रश्न येतील. मालमत्ता कराची पावती सासूबाईंच्या नावाने झाली आहे का बघा.

आणि पाटी! नोंदणी झाली की नावाच्या पाटीवर जीएसटी नंबर लावायचा नियम आहे, प्रमाणपत्रही दर्शनी भागात. मी दारावर बोटभर पट्टी लावलीय. शेजारचा मुलगा विचारून गेला, "काका, तुमचा वायफायचा पासवर्ड आहे का हा?"

नंबर मिळाल्यावर ३० दिवसांत बँक खातं पोर्टलवर जोडायचं असतं. आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर वेगळा, वर्षाला २,५००.

खरी कटकट मात्र नोंदणीनंतर आहे. ५ कोटींच्या आत असल्याने मी तिमाही रिटर्न भरतो. तिमाही संपल्यावरच्या महिन्यात विक्रीचं १३ तारखेपर्यंत, कर भरल्याचं २२ पर्यंत, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत देय कर असेल तर तो पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. काही विकलं नाही तरी रिटर्न भरायचंच. चुकलं की कर शून्य असताना दिवसाला २०, कर असेल तर ५०. मागच्या एप्रिल महिन्यात मी गावी होतो, विसरलो. त्या लेट फीत माझं एक फिल्मचं रीळ आलं असतं.

दुपारचा चहा

खतावणीकाका, चूक कबूल. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरायच्या योजनेत, जाता येणार नाही का त्यांना? एक टक्का भरून मोकळं.

खतावणी

राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला कंपोझिशन मिळत नाही. आणि त्यांना बाहेर पाठवायचंच नसेल तर नोंदणीच लागत नाही, मग कंपोझिशन कशाला?

पिवळी पानं

सगळ्यांचे मनापासून आभार. रद्दीत रमलेले, पाटीची कल्पना सासूबाईंना सांगितली. म्हणाल्या, "ह्यांच्या नावाखाली लाव, त्यांना आवडलं असतं."

काल रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. इथल्या एका सीएंनी तिमाही रिटर्नसह महिना ८०० सांगितले, म्हणजे वर्षाला ९,६००. व्यवसाय कर २,५००. बाहेरच्या पेनांवरचा कर २,५२०, इथली पेनं आणि शाई अजून धरलीच नाहीत. बेरीज १४,६२०. आणि राज्याबाहेरच्या पेनांनी मला वर्षभरात मिळवून दिले १४,०००. म्हणजे बेळगाव-बडोद्याला पेनं पाठवण्यासाठी मी पदरचे निदान ६२० रुपये घालायचे!

मग असं केलं तर? पेनं फक्त महाराष्ट्रात. पुस्तकं सगळीकडे. नंबर नाही. बरोबर आहे का? आणि त्या साइटवर जायचं असेल तर?

खतावणी

बरोबर. करमुक्त माल राज्याबाहेर गेल्याने कलम २४ चं ते दार उघडत नाही, तिथे शब्द 'करपात्र' असा आहे. महाराष्ट्रातल्या पेनांना ४० लाखांची मर्यादा आहे, त्यात पुस्तकंही मोजायची, आणि तुम्ही त्यापासून कोसावर आहात. फक्त माल विकत राहा. उद्या पैसे घेऊन कुणाची पेनं दुरुस्त करायला लागलात तर ती सेवा झाली, मग मर्यादा २० लाखांची.

साइटचं मात्र तूर्त सोडा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नंबराऐवजी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन साइटवर विकता येतं, हे खरं. लोक तेवढंच ऐकतात आणि धावतात. पण ही सवलत देणाऱ्या अधिसूचनेची अट आहे की राज्याबाहेर मालाची विक्री करायचीच नाही. तिथे 'करपात्र' हा शब्द नाही, नुसता 'माल' आहे. म्हणजे तुमची इंदूरच्या आजींना जाणारी पुस्तकंही आडवी येतात. एका शब्दाचा फरक, पण मी अशा एका शब्दापायी महिनाभर फाइल घेऊन फिरलेली माणसं पाहिली आहेत. आजी ठेवा, साइट सोडा.

आयकराचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. जीएसटी नंबर नसला म्हणजे आयकर नाही असं नव्हे, ही दोन वेगळी घरं आहेत. लहान धंद्याला अंदाजे नफा दाखवायची सोय आहे : बँकेतून-यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८. तुमच्या ६,८४,००० वर ६ टक्के म्हणजे ४१,०४० होतात. पण 'किमान' शब्द विसरू नका, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. एवढ्या उलाढालीवर कर बहुधा निघणार नाही, तरी रिटर्न भरत जा. पुढे कर्ज काढायचं झालं तर तोच कागद कामाला येतो.

शाईचा डाग

विषयांतर, पण ताई जुन्या घरांतून माल उचलतात म्हणून. हस्तलिखित पोथी हाती लागली तर ती पुस्तकांच्या गठ्ठ्यात घालून विकू नका. ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. माझ्याकडे एकाने पेनासोबत अशी पोथी आणली होती. पेन ठेवून घेतलं, पोथी त्याला विद्यापीठात दाखवायला पाठवलं.

पिवळी पानं

बाप रे. माळ्यावर एक लाल फडक्यातलं बाड आहे, आता ते आधी खाली काढते.

ठरलं तर मग. मागच्या आणि या वर्षीच्या पेनांचा आणि शाईचा कर-व्याज भरायला गुरुवारी सीएंकडे जातेय, वही घेऊनच. बाहेर गेलेल्यांत दोन तोट्याची पेनं सापडली, फरक १४,००० नाही, १४,९०० निघाला. काका, तुम्ही म्हणालात तसंच. गटावर लिहून टाकलं : पेनं फक्त महाराष्ट्रातल्या पत्त्यावर.

पाच मिनिटांत बेळगावच्या एका दादांचा मेसेज आला : "मावशी कोल्हापूरला असते. तिच्याकडे पाठवा, मी दर महिन्याला जातो, तेव्हा घेईन." हे चालतं का?

खतावणी

ग्राहक स्वतः नोंदणीकृत नसेल तर माल ज्या पत्त्यावर पोचतो तो पत्ता धरायचा, जून २०२४ च्या परिपत्रकात तसं स्पष्ट केलं आहे. बिलावर कोल्हापूरचाच पत्ता लिहा आणि पार्सल तिथेच पाठवा. फक्त मावशी खरी असू द्या.

पिवळी पानं

मावशी खरी आहे. आत्ताच फोनवर बोलले. त्यांनाही एक पेन हवंय, हिरव्या शाईचं.